तिकिटांच्या ट्रेमधले मासे

आमच्या गावात मला कुणी नावाने हाक मारत नाही. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत सव्वीस वर्षं कंडक्टर होतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी गावाला मी कंडक्टरच. गळ टाकायला माझ्याबरोबर जो येतो तोही असाच. वीज खात्यात वायरमन होता, म्हणून वायरमन. टोकावड्यापासून चालत वीस मिनिटांवर आमचं गाव. माझं घर वरच्या आळीत, त्याचं खाली बुद्धविहाराच्या बाजूला, आणि दोन्हींच्या मधून नदीकडे जाणारी पायवाट. त्या पायवाटेवर आम्ही दोघं वीस वर्षं दर रविवारी उजाडता उजाडता भेटत आलो. इतक्या वर्षांत माझ्याशी न भांडता टिकलेला तो एकटाच माणूस.

यात माझं काही कौतुक नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. गाडीत मी खिडकीवरून भांडलोय, पोत्यावरून भांडलोय, बोकडाला अर्धं तिकीट की पूर्ण यावरून वैशाखऱ्यापासून घाटापर्यंत भांडलोय. वायरमनचा स्वभाव वेगळा. त्याचा जन्म तारांचे गुंते सोडवण्यात गेला. खांबाखाली तारेचं भेंडोळं पडलं असलं की आधी खाली बसणार, तंबाखू मळणार, पाच मिनिटं नुसतं बघणार, आणि मग एकच टोक असं उचलणार की बाकीचं आपोआप सुटत जाईल. तोवर मी शेजारी उभा राहून दहा वेळा "ओढ ना!" म्हणालेला असतो.

नदीवर त्याची एक बांबूची काठी, एक गळ आणि नारळाच्या करवंटीत ओल्या मातीतली गांडुळं. इतकाच संसार. माझाही तेवढाच होता, पण निवृत्तीनंतर मोबाइलवर एका माणसाने रबरी बेडूक पाण्यात फेकून हातभर लांब मरळ ओढलेली मी बघितली, आणि बिघडलो. प्लास्टिकचे मासे, रबरी बेडूक, फिरणारी पितळी पाती, पोटाखाली आणि शेपटीला तीन तोंडांचे गळ. पार्सलवाला गावात यायला कंटाळतो, म्हणून रस्त्यावरच्या ढाब्यावर खोके ठेवून जायचा. ढाबेवाला ओरडायचा, "कंडक्टर, तुमचं मच्छी आलं!" आणि जेवणारे ड्रायव्हर खोक्याकडे आशेने बघायचे. लाल जाडा मासा होता, त्याला मी लाल डबा म्हणायचो. लांबट निळा होता, तो निमआराम; नावं एसटीचीच.

"माश्याला फसवाया निघालास," वायरमन म्हणाला, "आणि पार्सलवाल्यानं तुलाच गळाला लावला."

मी त्याला उंटावरचा शहाणा म्हटलं. तो हसला, गांडूळ लावलं, आणि पंधरा मिनिटांत मासा काढला. माझ्या हातात त्या वेळी लाल डबा, निमआराम आणि एक पितळी पातं एकमेकांच्या पोटात गळ खुपसून बसलेले होते, आणि ते सोडवण्यात माझी सकाळ गेली. हे माझं नेहमीचं. सगळी खोटी मासळी मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो. तीन तोंडांचा एक गळ, एका माशाला असे दोन, डब्यात मासे तीस. एक उचलायला जावं तर पूर्ण वऱ्हाड बाहेर यायचं.

भांडण झालं ते आषाढ संपता संपता. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार होता. आमच्या घरात श्रावण पाळतात, म्हणजे बायको पाळते आणि मी तिच्या हातचं जेवतो. वायरमनच्या घरी श्रावण नाही. दरवर्षी तो महिनाभर एकटा नदीवर जातो आणि मी ओसरीत वरणभात खात त्याच्या माशांच्या बातम्या ऐकतो. म्हणून तो शेवटचा रविवार आमच्यासाठी मोठा असतो.

डोहाच्या कडेला पाणगवतात एक मरळ सारखी उसळत होती. दोन वेळा तिने वायरमनचं गांडूळ हुंगून सोडलं. मग तो म्हणाला, "कंडक्टर, तुजा त्यो हिरवा बेडूक दे जरा. बगू प्लास्टिक काय करतंय."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं होतं. मला इतका आनंद झाला की मी डबा उघडून बेडकाला पायाला धरूनच उचललं. बेडकाबरोबर आणखी अकरा जण वर आले. ते पडू नयेत म्हणून त्याने खाली हात धरला, आणि लाल डब्याचा गळ त्याच्या उजव्या अंगठ्यात रुतला. अगदी आतपर्यंत.

"थांब," तो शांतपणे म्हणाला. "वढू नको. पिशवीत पक्कड हाय, ती दे."

गळाला उलटा काटा असतो. तो ओढून निघत नाही, पुढे काढून तोडावा लागतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी ओढलं. का ओढलं ते मला आजही सांगता येत नाही. गुंता दिसला की मी ओढतो.

सरकारी दवाखान्यात दोन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. जाताना, येताना मोटारसायकल मीच चालवली आणि तो मागे हात वर धरून बसला. तोंडातून शब्द नाही. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं, मीही ओरडलो असतो आणि विषय मिटला असता. त्याच्या दारात गाडी थांबवली तेव्हा ती शांतता मला असह्य झाली आणि मी म्हणालो, "तुला मधी हात घालाया कोणी सांगितलं व्हतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "बरोबर हाय," म्हणाला. "चूक माजीच." आणि घरात गेला.

त्यानंतर श्रावण लागला.

आता खरी पंचाईत इथे झाली. आम्ही श्रावणात भेटतच नाही. एरवी रविवारी तो आला नाही तर मला कळलं असतं की माणूस रागावला. पण श्रावणात त्याने येण्याचं कारणच नाही! पहिला रविवार गेला, दुसरा गेला. मी त्याच्या मनातून उतरलोय की हा नुसता श्रावण आहे, हे ओळखायला काही साधन नव्हतं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "जावा की खाली. माफी मागा नि या."

"मी? सव्वीस वर्षांत एका प्याशिंजरला मी सॉरी म्हटलेलं नाय."

"म्हणून तर प्याशिंजर उतरून गेले नि तुमी एकटेच गाडीत ऱ्हायलात," ती म्हणाली आणि वाल सोलायला बसली.

मी ठरवलं, माफीबिफी काही नाही. पण माशांचा बंदोबस्त असा करायचा की पुन्हा एकाचा गळ दुसऱ्यात अडकणार नाही. मग त्याला आपोआप कळेल. कसं कळेल ते मी ठरवलं नव्हतं.

सुरुवात इडलीपात्रापासून केली. खळग्या-खळग्यांची ताटं, प्रत्येक खळग्यात एक मासा, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. इतकी सोपी युक्ती इतकी वर्षं सुचली कशी नाही, म्हणून मी स्वतःवर खूश होतो. पण पुढच्या सोमवारी उपास सोडायला बायकोने इडल्या करायच्या म्हणून पात्राचं झाकण उघडलं, तर आत रबरी बेडूक डोळे वटारून बसलेला. ती ओरडली नाही. पात्र बेडकांसकट अंगणात आणून ठेवलं.

"सरावणात माझ्या चुलीजवळ मासा?"

"अगं प्लास्टिकचा हाय."

"मासा त्यो मासाच. त्याला डोळं हायत, कल्लं हायत, शेपूट हाय. अजून काय पायजे?"

या प्रश्नावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला. प्लास्टिकचा मासा श्रावणात चालतो की नाही याबद्दल कुठल्या पोथीत काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही, पण निकाल तिने दिला. मासे घराबाहेर, गौरीजेवणापर्यंत.

मग ओसरीत. तिथे कपडे वाळत घालायची दोरी आहे. मी एकेक मासा वीत-वीत अंतरावर टांगला. पावसाळी वाऱ्यावर छान डोलायचे. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे आणि वाढदिवस कुणाचा म्हणून विचारायचे. चौथ्या दिवशी बायको सूप घेऊन दोरीखालून वाकून गेली आणि सरळ झाली ती निमआरामखाली. अंबाड्यात दोन तोंडं रुतली. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

"अवो," तिने आतल्या आवाजात हाक मारली, "लागली मासळी. या आता, वढा."

मी हात पुढे केला आणि थांबलो. पहिल्यांदाच थांबलो. आतून कात्री आणली. ती म्हणाली, केसाला हात लावाल तर याद राखा. शेवटी दोरी कापली आणि निमआराम अंबाड्यात तसाच ठेवून ती शेजारणीकडे गेली. तिथे तासाभराने सुटका झाली. त्या तासात माझी काय काय शोभा झाली असेल त्याचा मी विचार करत नाही.

तिसरा प्रयत्न मात्र माझ्या धंद्यातला होता. मुरबाडला बाजाराला गेलो असताना भंगारवाल्याच्या हातगाडीवर मला तिकिटांचा जुना ट्रे दिसला. नव्या लोकांनी बघितला नसेल. आता कंडक्टरकडे बटणाचं मशीन असतं. आमच्या वेळी पत्र्याचा चपटा पेटारा असायचा, आत उभ्या कप्प्यांची रांग, प्रत्येक कप्प्यात वेगळ्या रकमेची तिकिटं. अंधारात, घाटाच्या वळणावर, एका हाताने दांडी धरून मी हव्या त्या तिकिटाला न बघता बोट लावायचो. तो ट्रे छातीशी धरला आणि खरं सांगतो, डोळे मिटून कप्प्याकप्प्यावरून बोट फिरवत तिथेच उभा राहिलो. भंगारवाल्याला वाटलं मला पत्रा कापला.

घरी येऊन मी एकेका कप्प्यात एकेक मासा डोकं खाली करून बसवला. गळ कप्प्याच्या काठाला अडकवले. लहान मासे पुढे, लांब पल्ल्याचे मागे, बेडकांना ड्रायव्हरमागची राखीव जागा. "चला, पुढं सरका, आत जागा हाय," असं मी मोठ्याने म्हणत होतो, कारण सवय जात नाही. झाकण लावलं, पट्टा गळ्यात घातला, ओसरीतून दोन फेऱ्या मारल्या, उघडून बघितलं. कप्प्यांच्या भिंतीवरून हात घालून सगळ्यांनी एकमेकांची कॉलर धरलेली होती. कप्पे वेगळे झाले तरी गळांची टोकं उघडीच होती. मी ट्रे बायकोच्या समोर आपटला आणि म्हणालो की या गावात आता मासेमारी बंद, काठी मोडून चुलीत घाला.

दुसऱ्या दिवशी ट्रे जागेवर नव्हता.

"वायरमन भावोजींकडं काकड्या द्याया गेलते," बायको म्हणाली. "त्योबी दिला नेऊन. डोक्याला ताप नको."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तीस मासे, माझा ट्रे, आणि तोही त्या माणसाच्या घरी ज्याच्याकडे मी जाऊन मागू शकत नव्हतो! तेलही गेलं, तूपही गेलं. "काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"काय नाय. ठेवा म्हणाला."

"अंगठा कसा हाय?"

"तुमीच जाऊन बगा."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ती म्हण माझ्यासारख्यावरूनच निघाली असणार. मी गेलो नाही. पायवाटेपर्यंत दोनदा गेलो, त्याच्या घराची कौलं दिसली, परत आलो. एकदा तर त्याने मला बघितलं असं वाटलं, म्हणून मी खाली वाकून चपलेचा अंगठा तपासला. श्रावण संपला. गणपती आले. माझी ती अवस्था होती की आरतीत टाळ वाजवतानाही मी खालच्या आळीकडे कान देऊन होतो. मला तो हवा होता. माझ्या बडबडीला उत्तर न देणारा दुसरा माणूस या वयात मी आणू कुठून?

आमच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य लागतो. ही आमच्याकडची जुनी चाल. गणपतीपुढे पडदा धरायचा, म्हणजे त्याला दिसणार नाही, आणि पडद्याअलीकडे गौरीला माशाचं कालवण. मासा बाजारचा चालत नाही, नदीचाच लागतो. तो आणायला आम्ही दोघं जायचो. वायरमनचं म्हणणं ठरलेलं असायचं, "तुज्या गौरीचं तू बग. मी वयनीच्या कालवणासाटी येतो." आणि दुपारी त्याच्या घरी कालवणाचा डबा जायचा. म्हणून त्या सकाळी मला कळणार होतं. आता श्रावणाचा आडोसा उरला नव्हता. आला तर आला, नाही तर वीस वर्षं संपली.

काठी घेऊन मी उंबऱ्यावर बसलो. उजाडलं. मी उठलो, पुन्हा बसलो. मग खालून शीळ आली. मी चष्मा घरातच विसरून धावलो.

तो पायवाटेवर उभा होता, ट्रेचा पट्टा खांद्यावर. चेहऱ्यावर काही नाही. "वयनी बोलली, मासा पायजे," म्हणाला, ट्रे माझ्या हातात दिला आणि पुढे चालू लागला. वाटेत एक शब्द बोलला नाही. म्हणजे आला होता तो बायकोच्या शब्दाखातर. मीही बोललो नाही, ही माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे.

डोहावर ट्रे उघडला, बेडकाला हात घातला आणि बेडूक वर आला. एकटा! मी लाल डबा उचलला. एकटा. निमआराम, एकटा. मला माझ्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की गप्प राहण्याचा निश्चय तिथेच मोडला. "बगितलंस?" मी म्हणालो. "याला म्हणतात कप्पा. ज्याची त्याची शीट. चार दिस बसले, आपोआप शिस्त लागली." आणखी बरंच काही म्हणालो. शिस्त, नियोजन, एसटीचं शिक्षण. वायरमन करवंटीतली माती बोटाने उकरत ऐकत होता.

मी बेडूक पाणगवतावर फेकला. तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं, मरळ बेडकावर पडली, मी काठी खेचली, सुटली. पुन्हा फेकला. पुन्हा पडली, पुन्हा सुटली. पाचव्या वेळी मी नदीला शिव्या दिल्या. मग पार्सलवाल्याला, मग दोरीला, मग मरळीच्या खानदानाला. मागे वळलो तर वायरमनचे खांदे हलत होते. तोंडावर पालथा हात धरून तो हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"कंडक्टर," तो म्हणाला, "तिकीट फाडलंस काय बेडकाचं?"

मी बेडूक डोळ्यांजवळ आणला. बेडकाच्या गळाला दोनच तोंडं, आणि दोन्हींवर हिरव्या प्लास्टिकच्या बारक्या टोप्या होत्या. अर्थिंगच्या हिरव्या वायरवरचं आवरण तांदळाएवढं कापून टोकावर बसवलेलं. लाल डबा बघितला. त्याच्या सहा टोकांवर सहा लाल टोप्या. निमआरामवर निळ्या. तीसच्या तीस. दीडशेच्या वर टोकं, आणि प्रत्येकाला त्याच्या रंगाची टोपी, ब्लेडने कापून हाताने बसवलेली. कापणाऱ्याच्या उजव्या अंगठ्यावर दोन टाक्यांचा वण.

"तुला म्हाईत व्हतं," मी म्हणालो. "पाचदा मरळ सुटली नि तू बोलला नाहीस?"

"सांगाया जात व्हतो. पण तू शिस्तीचं सांगत व्हतास ना." मग हसू थांबवून त्याने अंगठा चोळला. "आनि म्हटलं, आपल्या अंगठ्याचं कायतरी वसूल व्हऊ दे."

मला लाज वाटली. तशी लाज मला फार वर्षांत वाटली नव्हती. महिनाभर मी विचार करत होतो की हा रागावला की काय, आणि हा रागावलेलाच होता, आणि रागावून बसल्या बसल्या माझे गळ झाकत होता.

"चुकलं माजं," मी म्हणालो.

"काय?"

"चुकलं म्हटलं."

"ऐकू नाय येत. पान्याचा आवाज हाय."

मग मी सव्वीस वर्षांचा आवाज लावला, भरलेल्या गाडीत मागच्या दारापर्यंत पोचायचा तो. "चुकलं माजं! वढाया नको व्हतं! आनि त्ये दारात बोललो त्येबी चुकलं!" पलीकडच्या कड्यावरून सगळं परत आलं, पाणगवतातून पाणकोंबड्या उडाल्या, आणि वर शेतात कुणीतरी ओ दिली.

"झालं," वायरमन म्हणाला. "आता दुपारपत्तुर मासा येत नाय हितं."

तो उठला, माझ्या हातातून बेडूक घेतला, डाव्या हाताने दोन्ही टोप्या काढल्या आणि सदऱ्याच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावलं. "परत जाताना लागतील," म्हणाला. मग खाली बसून त्याने आपली काठी माझ्यापुढे धरली. गळ रिकामा होता. करवंटी शेजारी होती. इतक्या वेळात त्याने एकदाही गांडूळ लावलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"अंगठा धरत नाय अजून," तो म्हणाला. "निसटतं. लाव बगू."

प्लास्टिकचे मासे घेतल्यापासून मी गांडुळाला हात लावला नव्हता. मी बसलो, करवंटीतून एक उचललं आणि लावलं. घाई केली नाही. गौरीपुढे त्या दिवशी कालवण आलं ते त्याच काठीच्या माशाचं.

त्याचा अंगठा पुढे दिवाळीपर्यंत बरा झाला. खिळे ठोकतो, पक्कड धरतो, सगळं करतो. तरी दर रविवारी डोहावर बसलो की काठी माझ्यापुढे येते, आणि मी गांडूळ लावून देतो.